लग्नाच्या रात्रीचं आकाश फ्रेममध्ये: पहिलं चुकीचं आलं, दुसरं भिंतीवर लागलंय

आईबाबांच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. वाईतल्या मंगल कार्यालयाचं अंगण, दोघांच्या कपाळावर मुंडावळ्या, गुरुजींचं बोट वर आणि दोघं त्या बोटाच्या दिशेने बघतायत. फ्लॅशमुळे चेहरे पांढरे पडलेत आणि वरती नुसतं काळं. सप्तपदीनंतर ध्रुव आणि अरुंधती दाखवतात तो क्षण. लहानपणापासून हा फोटो बघतेय आणि दरवेळी वाटायचं की हे दोघं नक्की काय बघत होते, ते फोटोत आलंच नाही.

म्हणून गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ ला, त्यांच्या लग्नाला तीस वर्षं होणार होती तेव्हा मी ते ताऱ्यांच्या नकाशाचं पोस्टर ऑर्डर केलं. तारीख, वेळ, गाव दिलं की त्या क्षणी डोक्यावर जे आकाश होतं ते गोलात छापून देतात, खाली नावं आणि एक ओळ. ए थ्री साइझ, काळी फ्रेम, कुरियर धरून अडीच हजाराच्या आत बसलं. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण पुढे तक्रारही आहे आणि मला कुणा एकाला धरून बोलायचं नाही, अशी पोस्टर्स बरेच जण विकतात. कुठूनही घेणार असाल तर काय तपासायचं ते कळावं म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी डिझाइन. त्यांच्याकडे नुसत्या नकाशाशिवाय चित्रंही होती, सगळी आकाशातल्या जोड्यांची. आईला मी आधीच विश्वासात घेतलं होतं कारण वेळ तिलाच विचारायची होती (बाबांना सरप्राइज होतं). फोनवर स्क्रीन शेअर करून एकेक दाखवलं. पहिलं चंद्र आणि रोहिणी. दिसायला सगळ्यात देखणं, निळ्यावर केशरी ठिपका, आणि रोहिणी खरंच केशरी-लालसर दिसते त्यामुळे रंगही बरोबर. पण आई लगेच म्हणाली, "नको गं, दक्षाच्या सत्तावीस मुली दिलेल्या त्याला आणि जीव एकीवरच, बाकीच्या सव्वीस जणी बापाकडे जाऊन रडल्या, त्यावरून तर त्याला क्षय झाला. लग्नाच्या भिंतीवर कशाला?" मी म्हटलं अगं पण दर सत्तावीस दिवसांनी तो फिरून तिच्याजवळ येतो की. तर म्हणे, "येतो तसा जातोही."

दुसरं होतं अभिजित आणि श्रवण. ही गोष्ट आपली नाही, चीनची आहे, विणकर मुलगी आणि गुराखी, दोघांच्या मधून आकाशगंगा वाहते आणि वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, भेट होते. जपानमध्ये तोच सण तानाबाता, बांबूच्या फांदीला कागदाच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून बांधतात. माझी मावसबहीण तिकडे नोकरीला आहे आणि नवरा पुण्यात, तिने मागच्या वर्षी पट्टीवर मराठीत लिहून बांधलं होतं आणि फोटो पाठवला होता, तो बघून मावशी दिवसभर गप्प होती. ते पोस्टर मी तिच्यासाठी वेगळं घेतलं आणि ते छान आलंय, त्याबद्दल काही तक्रार नाही. पावसाळा संपताना रात्री वर बघितलं तर दोघं खरंच आकाशगंगेच्या दोन काठांवर दिसतात, त्यामुळे ही गोष्ट ज्यांनी रचली त्यांनी आधी वर नीट बघितलं होतं हे कळतं.

तिसरं सूर्य आणि पृथ्वी. इथे आई थांबली, कारण तिला कुसुमाग्रजांची पृथ्वी पाठ आहे. चंद्र, शुक्र, मंगळ, ध्रुव, धूमकेतू सगळे तिची मनधरणी करतात आणि ती सूर्यासाठी सगळ्यांना नाकारते, दुबळ्या कुणाच्या जवळ जाण्यापेक्षा त्याचं लांब असणं सोसेन म्हणते. आई म्हणाली, "कविता फार मोठी आहे, पण ते लांबूनचं प्रेम आहे. आम्ही तीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली." मग म्हणाली, "आम्हाला वसिष्ठ-अरुंधती दे. तीच दाखवली होती आम्हाला."

ते डिझाइन त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून साधा नकाशाच घ्यायचं ठरलं, अट एकच की त्यात अरुंधती दिसली पाहिजे.

तारीख २३ मे १९९४, सोमवार. वेळ आईने अशी काढली की मुहूर्त गोरज, मग होम, सप्तपदी, आणि साडेआठला पहिली पंगत बसली हे तिला पक्कं आठवतं, म्हणजे बाहेर आणलं तेव्हा आठ वाजले असणार. फॉर्म भरला, पैसे भरले, दहा दिवसांत पार्सल आलं.

पॅकिंग उत्तम होतं, हे मान्य करायलाच हवं. चारी कोपऱ्यांना थर्माकोल, वरून बबलरॅप, फ्रेमला ओरखडा नाही. कागद जाड, मॅट, काळा रंग खोल. पहिल्या नजरेत मी खूश झाले. मग हातात घेऊन ध्रुव शोधला आणि तिथेच चुकचुकलं.

या नकाशांत गोलाचा मध्य म्हणजे बरोबर डोक्यावरचा बिंदू आणि कड म्हणजे क्षितिज. ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर असतो जेवढे तुमच्या गावाचे अक्षांश. वाई साधारण १८ अंशांवर आहे, म्हणजे क्षितिज ते डोकं या ९० अंशांतले १८, म्हणजे ध्रुव उत्तरेच्या कडेपासून एक पंचमांश आत पाहिजे, बस्स. माझ्या पोस्टरमध्ये तो निम्म्याहून वर, पार मध्याकडे सरकलेला. हे वाईचं आकाश नव्हतंच, युरोपातल्या कुठल्यातरी गावाचं होतं! दुसरी खूण दक्षिणेला. मे महिन्यात संध्याकाळी आपल्याकडे दक्षिणेच्या क्षितिजालगत त्रिशंकू दिसतो, तो ह्यात गायब, कारण तेवढ्या उत्तरेकडून तो दिसतच नाही. आणि खाली मात्र ठळक अक्षरात "वाई, महाराष्ट्र" छापलेलं.

घरी मी लॅपटॉपवर स्टेलेरियम उघडलं. फुकट सॉफ्टवेअर आहे, कुठलीही तारीख आणि गाव टाकलं की तिथलं आकाश दाखवतं, ऑर्डर देण्याआधीच सगळ्यांनी हे करा. त्यात ती संध्याकाळ बघितली आणि मी खरंच उठून उभी राहिले. पश्चिमेला शुक्र, मिथुन राशीत. आग्नेयेला चंद्र, बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर असल्यामुळे जवळजवळ पूर्ण, आणि त्याच्या शेजारीच गुरू. उत्तरेला सप्तर्षी वर चढलेले. आईच्या पत्रिकेच्या वहीत त्या दिवशीचं नक्षत्र स्वाती लिहिलंय तेही जुळलं, म्हणजे चंद्र स्वातीच्या घरात होता, स्वातीचा तारा स्वतः बराच उत्तरेला, पूर्वेकडे उंचावर. असलं भरगच्च आकाश आणि माझ्या अडीच हजाराच्या पोस्टरमध्ये ना चंद्र, ना गुरू, ना शुक्र, नुसते तारे.

इथे मला ह्या सगळ्या प्रकारातली मुख्य गोष्ट कळली. जाहिरातीत म्हणतात की तुमचं आकाश फक्त तुमचं, तसं दुसऱ्या कुणाचं नाही. पण तारे दरवर्षी त्याच तारखेला, त्याच वेळी त्याच जागी येतात. नुसते तारे छापले तर २३ मेला रात्री आठ वाजताचं वाईचं आकाश १९९४ चं काय, १९८४ चं काय आणि मागच्या वर्षीचं काय, सारखंच. ती संध्याकाळ कुठल्या वर्षाची हे ठरवतात चंद्र आणि ग्रह. तेच काढून टाकले तर आईबाबांची संध्याकाळ उरतच नाही, कॅलेंडरवरची एक तारीख उरते. म्हणून ऑर्डर देताना आधी विचारा की चंद्र आणि ग्रह दाखवणार का. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

फोन केला. तिकडचा मुलगा शांतपणे बोलला, वाद घातला नाही. त्याने बघून सांगितलं की सिस्टीमला गाव सापडलं नाही तर ती आपोआप एक ठरलेलं शहर धरते आणि खालचं नाव तुम्ही टाइप केलं तेच छापलं जातं. म्हणजे मोठ्या शहरवाल्यांचं बरोबर येत असणार आणि वाई, कराड, दापोली, मालवणवाल्यांचं असं होऊ शकतं, आणि किती जणांच्या भिंतीवर परक्या गावाचं आकाश लागलं असेल ह्या विचाराने मला फार वाईट वाटलं. त्याला मी तसं सांगितलंही. उपाय सोपा आहे, गावाच्या नावाऐवजी अक्षांश-रेखांश द्या, फोनच्या नकाशात बोट दाबून धरलं की मिळतात. वेळेचंही तेच, भारतीय वेळ धरलीय ना ते विचारा, साडेपाच तासांचा घोळ झाला तर शुक्र कधीच मावळलेला असेल.

दुसरी तक्रार मराठी अक्षरांची. मी ओळ दिली होती "वसिष्ठ-अरुंधतीच्या साक्षीने", छापून आलं त्यात ष आणि ठ सुटे, मध्ये पाय मोडलेला आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर. प्रीव्ह्यूमध्ये बरोबर दिसत होतं! जोडाक्षरांची अशी वाट लागलेली पत्रिकांवरही दिसते आणि लोक चालवून घेतात. मी नाही घेतलं. छापायच्या आधी पीडीएफ मागवा आणि अक्षर न् अक्षर वाचा.

आता अरुंधतीचं. ही अडचण त्यांची चूक नव्हती, खरीच होती. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यात आकाशात जेमतेम १२ कलांचं अंतर, म्हणजे एका अंशाचा पाचवा भाग. पोस्टरवरचा गोल २५ सेंटिमीटरचा, त्यात अख्खे १८० अंश बसवायचे, म्हणजे ह्या दोघांमध्ये पाव मिलिमीटर उरतो. वसिष्ठाचा ठिपकाच त्याहून मोठा, त्यामुळे अरुंधती त्याच्या पोटात गेलेली. मी म्हटलं मग बाजूला छोटा गोल काढा आणि तेवढाच भाग मोठा करून दाखवा. त्याने ते केलं, जास्तीचे पैसे घेतले नाहीत, आणि माझ्या मते अख्ख्या पोस्टरमधली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. आपल्याकडे स्थूलारुंधतीन्याय म्हणतात ना, बारीक अरुंधती एकदम दिसत नाही म्हणून आधी शेजारचा ठळक तारा दाखवायचा आणि नजर तिथे ठरली की मग हळूच तिच्याकडे न्यायची, तसंच झालंय. आधी मोठ्या गोलात सप्तर्षी सापडतात, मग शेपटीतला मधला वसिष्ठ, मग तिथून निघालेली बारीक रेघ आणि रेघेच्या टोकाला छोट्या गोलात दोघं.

सोबत एक माहितीचं कार्ड येतं, त्यावर लिहिलंय की हे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात म्हणून आपल्या पूर्वजांनी लग्नात ते निवडले. व्हॉट्सॅपवर फिरतं तेच उचललंय. हे कार्ड बदला अशी माझी मनापासून विनंती आहे कारण जे खरं आहे ते ह्याहून कितीतरी सुंदर आहे. दोघं आपल्यापासून ऐंशीएक प्रकाशवर्षं लांब, आणि दोघं अवकाशात एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने चाललेत. सप्तर्षींपैकी क्रतु आणि मरीचि सोडले तर बाकीचे पाच आणि ही अरुंधती एकाच काफिल्यातले आहेत. दुर्बिणीतून बघितलं तर वसिष्ठ स्वतःच दोन दिसतो, आणि त्या दोनांतलाही प्रत्येक पुन्हा जोडीचा, अरुंधतीलाही एक बारीक जोडीदार आहे, म्हणजे एकूण सहा तारे. सात पावलं चालून झाल्यावर नवराबायकोला जे दाखवायचं ते बरोबरीने चालणारं काहीतरी, ह्याहून चांगलं काय असणार? कुणी कुणाभोवती फिरायची काय गरज आहे.

दुसरं पोस्टर १९ मेला आलं. ध्रुव जागेवर, त्रिशंकू दक्षिणेला कडेशी, चंद्राशेजारी गुरू, पश्चिमेला शुक्र, वसिष्ठातला ष्ठ नीट जोडलेला. पूर्व डावीकडे आणि पश्चिम उजवीकडे छापलेली बघून दादाला वाटलं परत चुकलं, पण ते तसंच असतं, नकाशा डोक्यावर धरून वर बघायचा असतो, मग दिशा जुळतात.

२३ मेला आम्ही सगळे वाईला. बाबांनी कागद फाडला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग चष्मा पुसून छोट्या गोलाकडे बोट केलं आणि म्हणाले, "ही का ती?" आई म्हणाली, "म्हणजे? तुम्ही बघितली होती ना?" तर बाबा म्हणाले, "गुरुजींनी विचारलं दिसली का, मी हो म्हटलं. मला नव्हती दिसली. तुझ्याकडे बघितलं तर तू बघत होतीस, म्हटलं हिला दिसली म्हणजे झालं." तीस वर्षं त्यांनी हे सांगितलं नव्हतं. आई काही म्हणाली नाही, पोस्टर उचलून त्यांच्या हातातच परत दिलं.

त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, योगायोग. आठ वाजता पोस्टर घेऊनच गच्चीवर गेलो. तारे जसेच्या तसे, सप्तर्षी तिथेच, स्वाती तिथेच, त्रिशंकू तिथेच. चंद्र मात्र पुढे सरकून ज्येष्ठाच्या जवळ, आणि गुरू नाही, शुक्रही नाही. मी आधी बघून ठेवलं होतं म्हणून सांगितलं, लग्नाच्या रात्री जे दोघे आकाशाच्या दोन बाजूंना होते ते आज एकमेकांना खेटून आहेत, बरोबर आजच्याच दिवशी, पण सूर्याच्या इतके जवळ की उजेडात दिसत नाहीत. बाबांनी पोस्टरवर एक बोट शुक्रावर ठेवलं आणि एक गुरूवर, आणि बराच वेळ तसेच उभे होते.

मग आईने त्यांना अरुंधती दाखवली. तिनेच. गुरुजींसारखंच, आधी शेपटी, मग मधला, मग त्याच्या अंगाला लागून. पौर्णिमेच्या चंद्रामुळे जरा कठीण गेलं, दादाच्या दुर्बिणीतून आधी दिसली आणि मग नुसत्या डोळ्यांनी. "दिसली," बाबा म्हणाले, आणि ह्या वेळी कुणी विचारलं नव्हतं.

आता वर्ष झाल्यानंतरचं. रंग उडालेला नाही. पावसाळ्यात वाईच्या घरात ओल येते त्यामुळे खालच्या कोपऱ्यात कागदाला हलकी लाट आलीय, मागे ओल अडवणारा कागद लावून देत असतील तर मागून घ्या. पुढे काच नाही, ॲक्रिलिक आहे, त्यामुळे फुटायची भीती नाही पण धूळ फार ओढतं आणि ट्यूबलाइट समोर असेल तर नुसती ट्यूबच दिसते, तारे जातात. आम्ही जिन्याजवळच्या भिंतीवर हलवलं, तिथे संध्याकाळचा तिरपा उजेड येतो. मॅट ॲक्रिलिकचा पर्याय असेल तर दोनशे-तीनशे जास्त गेले तरी तोच घ्या. फ्रेमचा हूक तकलादू आहे, बदलून घ्या.

पाचापैकी चार देतेय. पहिल्या पोस्टरला एक दिला असता. दुसऱ्याला, त्या मुलाच्या वागण्याला आणि छोट्या गोलाला पूर्ण पाच. लग्नाची वेळ आठवत नसेल तर घरातल्या बायकांना विचारा, पंगत कधी बसली, वीज कधी गेली, शेवटची एसटी कधी होती, त्यावरून वेळ निघते आणि ते विचारताना ज्या गोष्टी बाहेर येतात त्या वेगळ्याच.

पोस्टरच्या मागे बाबांनी पेनाने एक आकडा लिहून ठेवलाय, २०३१. स्वातीचा तारा आपल्यापासून सुमारे ३७ प्रकाशवर्षं आहे असं मी त्यांना सांगितलं होतं, म्हणजे त्या संध्याकाळी स्वातीवरून निघालेला उजेड अजून वाटेतच आहे, २०३१ च्या सुमारास पोचेल. आईने गच्चीवरच्या पत्र्याचं काम काढलं होतं, ते बाबांनी थांबवलंय, म्हणतायत पूर्वेकडची बाजू उघडी राहू दे.